पडद्यापुढची खुर्ची

त्र्याहत्तर साली पाऊस वेळेवर पडला, दुष्काळातली खडी फोडायची कामं बंद झाली, आणि परभणीतल्या मोठ्या माणसांना काळजी करायला काही उरलं नाही. म्हणून त्यांनी सिंफनी काढली.

सिंफनी म्हणजे काय, हे गावात एकट्या अण्णासाहेब वकिलांना माहीत होतं. निजामाच्या अमदानीत ते हैदराबादेत शिकायला होते. तिथं एका नवाबाच्या बागेत त्यांनी एका गोऱ्या साहेबाला छडी हलवताना पाहिलं. साहेबानं छडी वर केली की पन्नास माणसं वाजवू लागायची, खाली केली की गप्प. ते दृश्य त्यांच्या काळजात जाऊन बसलं. पुढं तीस वर्षं त्यांनी वकिली केली, पण कोर्टातला पट्टेवालासुद्धा कधी त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर हलला नाही. दबलेली हौस म्हातारपणी डोकं वर काढते म्हणतात, ती अशी.

मंडळाचं नाव ठरलं, ‘परभणी जिल्हा सिंफनी मंडळ’. सभासद अठरा. त्यात दोन डॉक्टर, चार वकील, अडतीचे व्यापारी बन्सीधरशेठ, विद्यापीठातले तीन अध्यापक; शिवाय चिटणीस म्हणून हायस्कुलातले ड्रॉइंग मास्तर अप्पाराव. हैदराबादहून अठरा व्हायोलिनी आल्या. दोन महिने अण्णासाहेबांच्या ओसरीवर तालीम चालली. त्या दोन महिन्यांत शेजारच्या गवळ्यानं म्हशी दुसऱ्या गल्लीत नेऊन बांधल्या, कारण त्या पान्हवेनात. नाचता येईना अंगण वाकडं, तसं रोज कुणीतरी म्हणायचं, व्हायोलिनच खोटी आली. अठराच्या अठरा खोट्या आल्या.

तेव्हा अप्पारावांनी डोकं चालवलं. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात, म्हणून तार बोलते. राळेच्या जागी अंगाचा साबण लावला, तर गज कितीही ओढा, तार मुकी. अठरा जणांनी पुढं बसून ऐटीत गज ओढायचे, आणि मागं पडदा सोडून पडद्याआड कुणीतरी खरं वाजवायचं.

हा ‘कुणीतरी’ म्हणजे भीमनगरातला नागनाथ.

नागनाथचा ‘जयभारत ब्रास बँड’ परभणीपासून पाथरीपर्यंत कुठल्याही लग्नात असायचा. त्याचा बाप सटवाजी जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभा राहून हलगी वाजवायचा, आणि घरातली माणसं जेवून उठली की उरलंसुरलं पदरात घ्यायचा. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवशी बापानं हलगी चुलीत घातली. पोराला मात्र त्यानं निजामाच्या पोलीस बँडातून सुटलेल्या एका उस्तादाकडं नेऊन सोडलं, आणि तिथं नागनाथनं क्लॅरोनेट उचलली. हलगी लादलेली होती, क्लॅरोनेट आपल्या मर्जीची, एवढा फरक त्या घराला कळत होता. आणि नागनाथ वाजवायचा, म्हणजे काय वाजवायचा. मांडवातल्या बायका हातातल्या अक्षता तशाच धरून उभ्या राहत.

पडद्याआड वाजवायला तो तयार कसा झाला, असं कुणी विचारील. तो काही भोळा नव्हता. पण लग्नात कोण ऐकतंय? नवऱ्याच्या मित्रांना नाचायचं असतं, त्यांना एकच ठेका पाहिजे. आणि इथं अण्णासाहेबांनी त्याला सिंफनी ‘सांगितली’. तिचं नाव ‘बळिराजा’, भाग चार: नांगरणी, पेरणी, राखण, सुगी. सांगितली म्हणजे डोळे मिटून म्हणाले, “नागनाथ, इथं सकाळ होते. बैल निघतात. मग जरा उदास. मग पुन्हा उमेद.” झाली त्यांची रचना. त्या ‘जरा उदास’चं नागनाथनं जे केलं, ते ऐकून बँडातली माणसंच खाली बघू लागली. असं लांब, सावकाश वाजवायला जन्मात कधी मिळालं नव्हतं. त्यासाठी तो पडद्यामागं काय, विहिरीत उतरूनही वाजवायला गेला असता.

पहिला कार्यक्रम गणपतीत झाला. आता बँडवाल्यांची एक गोष्ट अण्णासाहेबांना ठाऊक नव्हती. बँडवाल्याचा ताल पायात असतो. जन्मभर वरातीपुढं चालत वाजवलेलं, त्यामुळं पाय थांबला की हात थांबतो. पडद्यामागं बारा जणांना सतरंजीवर बसवलं, तर मोठा ढोल वाजवणारा तात्याराव दर चौथ्या ठोक्याला मागं पडू लागला, आणि बाकीचे त्याच्याकडं बघत बसले. शेवटी नागनाथ म्हणाला, “साहेब, आमाला चालू द्या.” मग बारा जण पडद्याआड गोल गोल फिरत वाजवू लागले, घाण्याला जुंपल्यासारखे. क्लॅरोनेट कधी डावीकडून यायची, कधी उजवीकडून. पडदा हलत होता आणि स्टेजच्या फळ्या धडधडत होत्या. पुढच्या रांगेतल्या एका मामलेदारानं शेजारच्याला विचारलं, “मागं पोती उतरवायलेत का?” त्यानंतर स्टेज असलं की खाली तरटं अंथरली जाऊ लागली.

लोकांना मात्र आवडलं. अठरा पांढरे सदरे, अठरा गज एकाच वेळी वरखाली, आणि अण्णासाहेबांची छडी. हॉल असा गप्प बसून ऐकत होता की दोन भागांच्या मध्ये पडद्यामागं नागनाथला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. टाळ्या पडल्या तेव्हा अण्णासाहेब सात वेळा वाकले. पडद्यामागची बारा माणसं घाम पुसत उभी राहिली. टाळी पडद्यातून आत येते, पण ती कुणाची हे काही सांगत येत नाही.

घरी गेल्यावर आईनं विचारलं, “कसं झालं?”

चांगुणाबाई सत्तरीची, पाठीत वाकलेली, पण जीभ ताठ होती.

“लय टाळ्या पडल्या, माय.”

“तुला?”

नागनाथनं तोंडावर पाणी मारलं.

“तुझा बाप जन्मभर लोकाच्या दारात उभा राहून मेला,” ती म्हणाली. “तू त्येच्या पुढं गेलास. आता तुला दारबी न्हाई, पडदा हाय.” मग हळूच म्हणाली, “मला एकदा तुला बसून वाजवताना बघायचंय रे. खुर्चीत. लोकाच्या म्होरं. मग मी मेले तरी चालतंय.”

हे वाक्य नागनाथच्या डोक्यात जे शिरलं ते निघेना.

दुसरा कार्यक्रम विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यात होता. उघड्या माळावर पडदा कुठला? बँडाला कडब्याच्या गंजीमागं उभं केलं. ‘पेरणी’ चालू असताना मेळाव्यातली दोन बक्षीसपात्र खोंडं सुटली आणि गंजीला लागली. कडबा जसा कमी होत गेला तसा तात्याराव ढोलासकट दिसू लागला. अप्पारावांनी धावत जाऊन खोंडांना हाकललं. अध्यक्षांनी भाषणात खोंडांच्या प्रकृतीचं कौतुक केलं.

तिसरा पाथरीला. अठरा सभासद एस्टीत बाकांवर बसले. बँड टपावर ट्रंकांत, म्हणजे वाद्यं टपावर, आणि माणसं मागच्या दाराशी उभी. पाथरीला पडदा नव्हता, मागं कनात बांधली होती. ‘राखण’मधला तो उदास भाग आला, नागनाथ डोळे मिटून वाजवत फिरत होता, आणि माघातला वारा सुटला. कनातीची एक बाजू निसटून वर गेली. सगळ्या पाथरीनं पाहिलं, की गज ओढणारे अठरा जण इकडं, आणि आवाज निघतोय तिकडून.

मग मागून एक म्हातारा शेतकरी उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, “आरं, ह्यो तर आपला नागनाथ. माझ्या रुख्मिणीच्या लग्नात ह्येनंच वाजवलं व्हतं.” लोकांनी अशा टाळ्या पिटल्या की तंबूचे खांब हलले. अण्णासाहेबांची छडी हवेत तशीच राहिली. बन्सीधरशेठ आवाज थांबला तरी गज ओढतच होते, कारण आवाजाचा आणि त्यांचा काही संबंधच नव्हता.

आपल्या नावाची टाळी नागनाथनं पहिल्यांदा ऐकली. मांजरानं एकदा दूध चाखलं की मग त्याला ताकावर भागवता येत नाही. दुसऱ्या दिवशी तो अण्णासाहेबांच्या ओसरीसमोर जाऊन उभा राहिला.

“साहेब, शेवटच्या कार्यक्रमाला मला म्होरं बसवा. एक खुर्ची. बाकीचे राहू द्या मागं.”

अण्णासाहेबांनी चष्मा पुसला. “नागनाथ, तुझा हक्क मला मान्य आहे. पण सिंफनीचा एक इंतजाम असतो. तारेची वाद्यं पुढं, फुंकेची मागं. जगभर तसंच असतं.”

“जगात मागं असतेत, साहेब. पडद्याच्या मागं न्हाई.”

अण्णासाहेबांना हे उत्तर वकिलाच्या तोंडून आलं असतं तर आवडलं असतं. “बघू,” ते म्हणाले. परभणीत ‘बघू’ म्हणजे नाही, हे पोरालाही कळतं. पण पाथरीची बातमी परभणीत पोचली होती आणि लोक हसत होते. त्यात हंगामाच्या शेवटच्या कार्यक्रमाला मुंबईहून एक उपमंत्री यायचे होते. क्लॅरोनेटवाला रुसला तर मंत्र्यांपुढं काय, साबण वाजवायचा? चार दिवसांनी निरोप आला: नागनाथरावांना खुर्ची दिली जाईल. ‘नागनाथ’चा ‘नागनाथराव’ झाला, तेव्हाच नागनाथनं ओळखायला पाहिजे होतं की यांचं कुठंतरी अडलं आहे.

अडलं होतं मंत्र्यांपायी, पण घोळ झाला तो तारखेचा. कार्यक्रम ठरवायचं काम अप्पारावांचं, आणि त्यांची एक पद्धत होती. बँड लग्नात अडकतो, म्हणून ते पंचांग उघडायचे, लग्नाच्या तिथ्यांवर लाल पेन्सिलीनं फुल्या मारायचे, आणि ज्या दिवशी मुहूर्त नाही तो दिवस धरायचे. मंत्र्यांनी एप्रिलमधला रविवार मागितला. अप्पारावांनी बोट फिरवलं: चैत्र वद्य, मुहूर्त नाही, बँड रिकामा. पत्रिका छापल्या, वाटल्या, आणि एक नागनाथच्या हातात दिली.

नागनाथनं तारीख वाचली. मग पुन्हा वाचली.

“मास्तर, चौदा एप्रिल?”

“हो. रविवार आहे. का, लग्न आहे का कुठं?”

“लग्न न्हाई.”

“मग? पंचांग बघूनच धरलीय.”

“तुमच्या पंचांगात नसंल,” नागनाथ म्हणाला. “त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती असते.”

अप्पारावांचा चेहरा असा झाला, की त्यांची कीवच यावी. खोटं नाही सांगत, त्यांना खरंच माहीत नव्हतं. वीस वर्षं तो माणूस त्या गावात राहत होता, दरसाली मिरवणूक त्याच्या शाळेवरून जायची, आणि त्याला वाटायचं उन्हाळ्यात कधीतरी जाते. अण्णासाहेबांना सांगितलं तर तेही म्हणाले, “अरेच्चा, ती ठरलेल्या तारखेला असते होय?”

आता पत्रिका बदलता येईनात आणि मंत्रीही बदलता येईनात. तोडगा निघाला. मिरवणूक संध्याकाळी सातला निघते, तर कार्यक्रम पाचला. साडेसहाला बँड मोकळा. आणि नागनाथरावांची खुर्ची अगदी मधोमध, अण्णासाहेबांच्या स्वतःच्या ऑफिसातली, गादीची.

तात्यारावला हे पटलं नाही. “मंत्री कवा पाचला आलाय का? त्येंचं पाच म्हंजी आपले आठ. जयंतीला बँड नसंल तर वस्तीत तोंड दाखवता यायचं न्हाई.”

“सातला आपुन उठायचं,” नागनाथ म्हणाला. “मंत्री येवो न येवो. माझा शबूद हाय.”

शब्द दिला खरा. पण रात्रंदिवस त्याच्या डोळ्यांपुढं खुर्ची होती. महिनाभर तो घरात पालथ्या डब्यावर बसून वाजवायची सवय करत होता. पाय आपोआप हलायचे, ते तो एकमेकांत अडकवून धरायचा. हंगाम लग्नाचा, अंगात दमलेपणा, तरी डबा सोडायचा नाही. पोरं हसायची. चांगुणाबाई हसत नव्हती. तिनं जयंतीसाठी घेतलेलं पांढरं लुगडं दोनदा धुऊन वाळवलं.

चौदा तारखेला साडेचारलाच ती टाऊन हॉलमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसली. नागनाथनं तिच्यासाठी पास मागून आणला होता. पाच वाजता पडदा उघडला. म्हणजे पुढचा, मागचा होताच. अठरा खुर्च्या, अठरा पांढरे सदरे, आणि मधोमध गादीच्या खुर्चीत, निळा कोट घालून, मांडीवर क्लॅरोनेट घेऊन नागनाथ. सगळ्या हॉलनं त्याला पाहिलं. त्यानं मात्र फक्त शेवटच्या बाकाकडं पाहिलं. चांगुणाबाई ताठ बसली होती, जेवढं तिच्यानं बसवेल तेवढं.

मंत्री आले नव्हते. मंत्र्यांशिवाय सुरू कसं करणार? साडेपाच झाले. अप्पाराव फाटकापर्यंत जाऊन येत होते. अण्णासाहेबांनी प्रेक्षकांना सिंफनीचा इतिहास सांगितला, नवाबाच्या बागेपासून. सहा वाजता तो संपला, तेव्हा पुन्हा बागेपासून सांगितला. पोखर्णीच्या रस्त्यावर गाड्या दिसल्या असं कुणी म्हणालं, पण त्या कडब्याच्या निघाल्या. साडेसहा झाले. मागच्या डॉक्टरांची मान छातीवर गेली. नागनाथ तसाच बसून होता. एकदाही फुंक न मारता त्याचे ओठ सुकले होते.

सातला मागचा पडदा बाजूला झाला आणि तात्यारावनं डोकं काढलं. “नागनाथ, वाजले सात. ऊठ.”

नागनाथ उठला नाही.

खरं सांगायचं तर त्याला उठवेना. एकदा तरी वाजवू दे, एवढंच त्याच्या मनात होतं. चार भाग राहू देत, एक भाग. माय अडीच तास त्या बाकावर बसली आहे ती उगीच का?

“तुमी व्हा म्होरं,” तो म्हणाला. “मी आलोच.”

तात्याराव त्याच्याकडं बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. “बरं,” एवढंच म्हणून तो आत गेला, आणि अकरा जण मागच्या दारानं निघून गेले.

थोड्या वेळानं वस्तीच्या बाजूनं मिरवणुकीचा आवाज आला. लेझीम, घोषणा, आणि त्यात बँड. नागनाथनं मान खाली घातली. क्लॅरोनेटशिवाय तो बँड म्हणजे मिठाशिवाय वरण. जिथं त्यानं सूर उचलायचा तिथं रिकामं जात होतं, आणि तात्याराव ढोल जोरात बडवून ते झाकत होता. प्रत्येक रिकामी जागा नागनाथला कळत होती. कानात कुणी बोट घालून दाखवावं तसं, ही बघ, ही तुझी, ही पण तुझी. त्याला स्वतःची अशी लाज जन्मात वाटली नव्हती.

तेवढ्यात हॉलमध्ये हालचाल झाली. मागून चांगुणाबाई उठली होती. तो समजला, ती मिरवणुकीला निघाली. पण ती दाराकडं गेली नाही. मधल्या वाटेनं, वकिलांच्या आणि मामलेदारांच्या मधून, काठी टेकत ती सरळ स्टेजपाशी आली आणि मान वर करून उभी राहिली.

“नागनाथ,” ती म्हणाली. सगळा हॉल ऐकत होता. “बघितलं बाबा मी. खुर्चीत बसलेला बघितला. लय देखणा दिसलास. आता ऊठ. तिकडं तुझ्याबगर वाजवायलेत.”

नागनाथ उठला.

अण्णासाहेब पुढं आले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो कापत होता. “नागनाथराव, असं करू नका. परभणीच्या इज्जतीचा सवाल आहे.”

“व्हय साहेब,” नागनाथ म्हणाला. “म्हणूनच जायलोय.”

स्टेजवरून उतरून त्यानं आईचा हात धरला. बाहेर पडेपर्यंत दोघं हळू चालले. रस्त्यावर येताच म्हातारी म्हणाली, “मला सोड, पळ,” आणि तो पळाला. चौकात त्यानं मिरवणूक गाठली आणि पळतानाच क्लॅरोनेट तोंडाला लावली. तात्यारावनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही, फक्त ढोल हळू केला, त्याला जागा द्यायला. पाय चालू लागले. महिनाभर डब्यावर अडकवून धरलेले पाय असे सुटले की नागनाथला रडू आलं, आणि रडत वाजवता येत नाही म्हणून त्यानं रडू गिळलं. गाणी सगळी वाजवून झाली तेव्हा त्यानं ‘बळिराजा’ काढला. तो त्याचाच होता, कुणाला विचारायचं? सकाळ, बैल, उदास, उमेद, सगळं त्यानं त्या रस्त्यावर वाजवलं. टाऊन हॉलवरून मिरवणूक गेली, तेव्हा तिकडं त्यानं बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पाराव मास्तर घर विचारत विचारत भीमनगरात आले. वीस वर्षांत पहिल्यांदा. नागनाथला वाटलं, भांडायला आले. तो अंगणात कोट वाळत घालत होता, तसाच उभा राहिला.

“नागनाथराव, अभिनंदन,” अप्पाराव म्हणाले.

चांगुणाबाईनं चहा आणला. काम मोठं असावं, कारण अप्पारावांनी तो घेतला.

झालं होतं ते असं. नागनाथ गेला आणि पुढच्या अर्ध्या तासात मंत्री आले. आता काय करणार? अण्णासाहेबांनी घाम पुसला, छडी वर केली, आणि अठरा जण मुक्या तारांवर गज ओढू लागले. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मंत्री गंभीर चेहरा करून बसले, मोठ्या माणसांना न कळलेलं झाकता येतं. आणि तेवढ्यात मिरवणूक आली. लांबून हलकेच सूर आले, मोठे झाले, हॉल भरून गेला, आणि मग हळूहळू लांब जात विरले. अण्णासाहेब हुशार. त्यांनी आवाज येईल तशी छडी वर नेली आणि जाईल तशी खाली आणली.

“मंत्रीसाहेब उभे राहिले हो,” अप्पाराव सांगत होते, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. “म्हणाले, मी पुष्कळ ऐकलंय, पण संगीत असं लांबून चालत येतं आणि चालत जातं, हे कसब कुठं पाहिलं नाही. मुंबईला बोलावलंय. पुढल्या हंगामाचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत.”

नागनाथ ऐकत होता. “मग मी काय करायचं?”

“कालच्यासारखंच. बँड घेऊन हॉलच्या बाहेरून यायचं, वाजवत वाजवत लांब जायचं. तारीख तुम्ही सांगाल ती. अण्णासाहेब म्हणाले, या खेपेला नागनाथरावांना विचारूनच धरा.”

“आन् आत?”

“आत आम्ही आहोतच.”

“माझी खुर्ची?”

अप्पाराव जरा चाचरले. माणूस वाईट नव्हता, त्याला विचारच करायची सवय नव्हती. “आता असं बघा,” ते समजुतीनं म्हणाले, “तुम्ही बाहेर चालत असणार. मग खुर्चीचं काय काम?”

चांगुणाबाई दारात बसली होती. ती लेकाकडं बघत राहिली.

नागनाथनं कोटाची बाही झटकून सरळ केली आणि दोरीवर नीट टाकली. त्याला राग आला नाही, याचंच त्याला नवल वाटलं. “मास्तर,” तो म्हणाला, “साहेबांना माझा जयभीम सांगा. आन् सांगा, काल जे वाजलं ती मिरवणूक व्हती. ती भाड्यानं जात न्हाई. मंत्र्याला पुन्हा ऐकायचं आसंल तर म्हणावं पुढल्या जयंतीला आमच्या रस्त्यावर या. पर उभं राहून ऐकावं लागंल. तिथं कुणालाच खुर्ची न्हाई.”

अप्पारावांनी कप खाली ठेवला आणि ते चपला शोधू लागले.